फोनवरचं ‘चालेल’

काट्याची जाडी साधारण एका अंशाएवढी होती. डावीकडून पाहिलं तर तो त्र्याण्णववर दिसायचा, उजवीकडून पाहिलं तर एक्याण्णववर, आणि डोळा अगदी समोर आणला की ब्याण्णववर. काचेच्या आत वाफेचा पातळ पडदा धरला होता, तरी रेषा मोजता येत होत्या. काटा हलत नव्हता. तिने तिन्ही बाजूंनी पाहून घेतलं, क्षणभर डोळे मिटले आणि पुन्हा समोरून पाहिलं. तिला पंच्याऐंशी हवे होते.

“अहो मॅडम, नजर लागेल त्याला,” मागून फोरमन काका म्हणाले. “दहा मिनिटं झाली, तुम्ही त्याच्याकडे अन् तो तुमच्याकडे. जुनी ओळख आहे का?”

“हा बरोबर दाखवतो ना, काका?”

“बरोबर म्हणजे? मागच्याच महिन्यात तपासून आणलाय. शिक्का बघा की बाजूला.”

शिक्का होता. तारीखही नीट वाचता येत होती. आता तापमापकावर शंका घ्यायलाही जागा उरली नव्हती.

ती उभी होती ती जागा म्हणजे एका मोठ्या लाँड्रीची बॉयलरची खोली. शहरातल्या रुग्णालयांच्या चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे हिरवे झगे, सगळं इथे धुवायला यायचं. पलीकडच्या दालनात यंत्रं घरघरत होती आणि दार उघडलं की साबणाचा उष्ण वास अंगावर यायचा. बॉयलरची वाफ कपडे वाळवून थंड झाली की तिचं पाणी व्हायचं, आणि ते पाणी गरमच, तापमापक बसवलेल्या या नळातून परत यायचं. आजवर ते सरळ गटारात जात होतं. आता ते टाकीत घ्यायचं होतं आणि टाकीतून पंपाने बॉयलरला द्यायचं होतं. तो पंप विकायला ती आली होती. बरोबर अकरा वाजता मालक येणार होते, ऑर्डरवर सही करणार होते. आत्ता साडेदहा वाजले होते.

“इकडे या, तुम्हाला गंमत दाखवतो,” काका म्हणाले.

गंमत म्हणजे काँक्रीटचा नवा ओटा. जुना फोडून काकांनी तो नव्याने बांधून घेतला होता. चार कोपऱ्यांत चार बोल्ट उभे होते, त्यांच्या आट्यांना ग्रीस लावून वर कापडाच्या चिंध्या बांधल्या होत्या.

“तुमच्या नकाशावरून केलं. पट्टी लावून बघा. एक मिलिमीटर इकडेतिकडे निघालं तर माझं नाव बदला.”

तिने पट्टी लावली नाही. न लावताही ते बरोबर असणार, हे तिला ठाऊक होतं. कोटेशनसोबत दिलेला नकाशा माणसं सहसा फाईलला लावून विसरतात. या माणसाने ऑर्डर देण्याआधीच त्यावरून पाया घातला होता.

“एवढी घाई का केलीत काका? सही तर व्हायची आहे अजून.”

“सही काय, ती होणारच. मी सांगितलंय ना मालकांना. तिघांचे भाव आले होते. मी म्हटलं, पोरगी इंजिनिअर आहे, विचारलं की आकडा सांगते, बाता मारत नाही. ह्यांचाच घ्यायचा.” काका हसले. “जानेवारीत निवृत्त होतोय मी. शेवटचं मोठं काम आहे. नीट झालं पाहिजे.”

ती “हो” म्हणाली.

अकरा दिवसांपूर्वीची गोष्ट. ती ऑफिसचा जिना चढत होती. काखेत माहितीपुस्तिकांचा गठ्ठा, एका हातात पिशवी, फोन कान आणि खांद्याच्या मध्ये दाबलेला. पलीकडे काका होते. पाया कधी बांधू, नळाचा व्यास काय ठेवू, असं एकेक विचारत होते, आणि ती धापा टाकत उत्तरं देत होती. मग ते म्हणाले, “अन् मॅडम, ते परतीचं गरम पाणी आहे ना, ते पण याच टाकीत सोडणार आहोत. मालक म्हणतात इंधन वाचेल. नव्वद-ब्याण्णव असतं ते. चालेल ना?”

“चालेल काका, चालेल.”

तिसऱ्या मजल्यावर पोचून गठ्ठा टेबलावर ठेवला, तेव्हा कुठे तो आकडा तिच्या कानातून डोक्यात उतरला. ब्याण्णव. कोटेशनवर साठ लिहिलं होतं.

आपण असं का म्हणालो, याचा तिने पुढे पुष्कळ विचार केला. ती खोटं बोलली नव्हती. काही बोललीच नव्हती म्हणा ना. घरात दिवसातून वीस वेळा हा शब्द व्हायचा. आई विचारायची, सकाळचंच जेवण आहे, चालेल? चालेल. ताई विचारायची, तुझी ओढणी नेते, चालेल? चालेल. मान डोलवावी तसा तो शब्द तोंडातून निघायचा, त्याला अर्थ असा नसायचाच. काकांनी पंपाबद्दल विचारलं होतं आणि तिने शिष्टाचाराने उत्तर दिलं होतं.

त्या दुपारी तिने हिशेब मांडला. हे गणित तिला झोपेत विचारलं असतं तरी आलं असतं. पंप पाणी ओढतो तेव्हा त्याच्या तोंडाशी दाब घटतो. गार पाणी ते सहन करतं. उकळीच्या काठावर आलेलं पाणी मात्र तिथल्या तिथे उकळतं, बुडबुडे होतात, आणि पुढे दाब वाढला की ते फुटतात. एकेक बुडबुडा पंपाच्या आतल्या चक्राला टाचणीच्या टोकाएवढा टवका काढतो. पंपात खडी भरल्यासारखा आवाज येतो. काही महिन्यांत ते चक्र वाळवीने खाल्लेल्या फळीसारखं दिसायला लागतं आणि एक दिवस बॉयलरला पाणी मिळायचं थांबतं. हे टाळायला पंपाच्या तोंडाशी दाबाची शिल्लक लागत होती, पाण्याच्या उंचीत मोजली तर साडेचार मीटर. साठ अंशांना ती नऊ मीटरच्या वर होती, म्हणजे चिंताच नव्हती. ब्याण्णवला उरत होती तीन पूर्णांक सहा.

तिसऱ्या वर्षाच्या पेपरात अगदी हेच गणित होतं. तिला पैकीच्या पैकी मिळाले होते. फरक एवढाच, की तिथे तापमान दुसऱ्याच ओळीत छापलेलं होतं, ‘दिलेले’ या शब्दाखाली. चार वर्षांत जे जे लागलं ते असंच दिलेलं होतं, आणि चुकून एखादी गोष्ट नसलीच तर खाली लिहिलेलं असायचं, ‘योग्य ती गृहीतके धरा’. तापमान जिन्यात, धापा टाकताना, पाचव्या वाक्याच्या शेपटीला बांधून येतं, हे कुणी शिकवलं नव्हतं. आणि आल्यावर “थांबा, परत सांगा” म्हणायचं असतं, हेही नाही. तोंडी परीक्षेत तर थांबणाऱ्याचे गुण जायचे. माहीत नसलं तरी काहीतरी बोलत राहा, असं वरच्या वर्गातली मुलं सांगायची.

प्रयोगशाळेने मात्र एक गोष्ट पक्की शिकवली होती. तिचे बिंदू आलेखावर कधी रेषेत यायचे नाहीत. इतरांचे सुरेख यायचे, कारण ते मागच्या वर्षीच्या वहीतून यायचे. शिक्षक तिची वही परत करायचे आणि म्हणायचे, “बाई गं, बिंदू रेषेवर आण. मला पण घरी जायचंय.” दोन वेळा तिने ते मुकाट्याने केलं, तिसऱ्या वेळी न सांगता.

या अकरा दिवसांत ती तेच करत होती. नळातली दाबाची घट थोडी कमी धरून पाहिली. टाकीतली पातळी काठोकाठ धरून पाहिली. मग एक दिवस पंच्याऐंशी अंश धरून पाहिलं, आणि चक्क पंप वाचला. साडेपाच मीटर शिल्लक! सात अंशांचाच तर प्रश्न होता. काका अंदाजाने बोलले असतील. जुना तापमापक असेल. म्हातारी माणसं आकडा चढवून सांगतात. त्या दिवशी ती घरी जेवायला बसली तर आई म्हणाली, “आज चेहऱ्यावर जरा रंग आहे.” दुसऱ्या दिवशी तो उडाला.

साहेबांना तिने सांगितलं नव्हतं असंही नाही. साहेब म्हणजे विक्री विभागाचे प्रमुख. कॉलेजात सुवर्णपदक मिळवलेले आणि ते कधीच बोलून न दाखवणारे. त्यांनीच तिचं नाव ‘दशांश’ ठेवलं होतं, कारण पहिल्याच बैठकीत तिने गिऱ्हाइकाला “सेहेचाळीस पूर्णांक तीन” असं सांगितलं होतं. आता ऑफिसातला चहावाला सुद्धा तिला दशांश मॅडम म्हणायचा.

“कागदावर काय आहे, दशांश?” साहेबांनी विचारलं होतं.

“साठ.”

“मग साठ.”

“पण मी फोनवर चालेल म्हणाले, साहेब.”

“चालेल म्हणजे हो नव्हे. चालेल म्हणजे…” त्यांनी हवेत हात फिरवला. “चालेल म्हणजे चालेल. त्याची का कुणी नोंद ठेवतं?”

“टाकी दीड मीटर उचलली तर जमेल. पण वर छताची तुळई आहे, टाकी तिला आत्ताच टेकली आहे. नाहीतर संथ फिरणारा मोठा पंप हवा.”

“तो आपण बनवतो?”

“नाही.”

“कोण बनवतं?”

तिने दुसऱ्या कंपनीचं नाव घेतलं. साहेब हसले नाहीत. चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले.

“हे बघ, मी पण तुझ्यासारखाच होतो. माझ्या पण खिशात कॅल्क्युलेटर असायचा. तुला कॉलेजने बरोबर उत्तर काढायला शिकवलं. छान शिकवलं. आता मी शिकवतो ते ऐक. उत्तर कधी द्यायचं, ते. आधी सही होऊ दे. आठवड्याने आपण रीतसर पत्र पाठवू, की या पंपाला साठच्या वरचं पाणी देऊ नये. सगळं नियमात. नाही म्हणायला कंपनीने तुला ठेवलेलं नाही. नाही म्हणायला गिऱ्हाईक असतंच की.”

मग त्यांनी टेबलाचा खण उघडून एक पाकीट दाखवलं आणि पुन्हा आत ठेवलं. सहा महिन्यांची तिची चाचणीची मुदत शुक्रवारी संपत होती. “ऑर्डर आण, हे घेऊन जा. कायम झालीस म्हणून घरी सांग.”

तो शुक्रवार आज होता.

घरी तर जणू कायम झाल्याचं पत्र आलंच होतं. बाबांनी सकाळी तिचे बूट पुसून दारात ठेवले होते. बाबांनी बत्तीस वर्षं बस चालवली. मुलगी इंजिनिअर झाली तेव्हा शेजाऱ्यांना सांगताना त्यांनी ‘पंप विकते’ असं न म्हणता ‘पंपाचं बघते’ असा शब्द शोधून काढला. आत्याला ते पटलं नाही. ती तोंडावर म्हणाली, “चार वर्षं शिकून शेवटी दारोदारच ना गं? फेरीवाल्याच्या डोक्यावर पाटी असते, तुझ्या हातात बॅग.” त्यावर ताई म्हणाली होती, “आत्या, हिच्या बॅगेतला पंप तुझ्या दारातून आत येणार नाही, नाहीतर एक तुलाच विकला असता.” सगळे हसले. बाबाही हसले, पण नंतर बराच वेळ पेपरात तोंड घालून बसले. आज निघताना ते एवढंच म्हणाले, “पत्र मिळालं की फोन कर. मी घरीच आहे.”

“मॅडम, चहा.” काकांनी तिच्या हातात कप दिला. “तुम्ही आज बोलत नाही आहात. तब्येत बरी आहे ना?”

“बरी आहे.”

आत्ता सांगावं, तिला वाटलं. आत्ता आम्ही दोघंच आहोत. काका, एक चूक झाली, असं सुरू करायचं. सोपं आहे. तिने तोंड उघडलं आणि गरम चहाचा घोट घेतला. जीभ पोळली. काका बोल्टवरची चिंधी सोडून पुन्हा नीट बांधत होते. दहा वाजून पन्नास मिनिटं. आठवड्याने पत्र जाईल. काका ते वाचतील, समजूतदार आहेत, गरम पाणी सोडणार नाहीत. पण मग मालक विचारतील, इंधन वाचवायला तर हा खटाटोप होता, गरम पाणी गटारातच घालायचं तर जुना पाया कशाला फोडला? कुणाला विचारतील? पत्र कंपनीच्या नावाने असेल. पायाला हात काकांचे लागले आहेत.

आणि पत्राकडे कुणी पाहिलंच नाही तर? फाईलला लावून विसरले तर? मग जानेवारीच्या आधी, किंवा नंतर, खडीचा आवाज सुरू होईल.

“काका, समजा…” ती म्हणाली, आणि तेवढ्यात दार उघडलं. साबणाचा वास आत आला आणि त्याच्यामागून मालक. अकराला पाच कमी होती. सही करायला पाच मिनिटं लवकर येणारा माणूस तिने सहा महिन्यांत पहिल्यांदाच पाहिला.

मालक उंच, घाईतले, बाहीची बटणं उघडी. “चला, उरकून घेऊ. मला साडेअकराला रुग्णालयात जायचंय. कुठंय कागद?”

कागद तिच्याच फाईलमध्ये होते. तिने ते काढून दिले. हात सरावाने चालले, जसे जिन्यात तोंड चाललं होतं. मालकांनी ओट्याच्या कडेवर फाईल टेकवली, पानं उलटली आणि तिसऱ्या पानावर थांबले.

“इथे साठ अंश लिहिलंय. आपलं परतीचं पाणी केवढं असतं हो?”

“ब्याण्णव,” काका म्हणाले.

“मग?”

आता मालक तिच्याकडे पाहतील. विचारतील. विचारलं की सांगावंच लागेल, आणि विचारल्यावर सांगणं तेवढं कठीण नसतं. पण मालकांनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी काकांकडे पाहिलं, आणि काका खिशातून छोटी, तेलकट पुठ्ठ्याची वही काढत होते.

“ते मी आधीच विचारून ठेवलंय मालक. मी असा सोडतो होय?” त्यांनी बोट ओलं करून पानं मागे उलटली. “हे बघा. सोमवार, सकाळी नऊ चाळीस, फोनवर. परतीचं पाणी टाकीत, ब्याण्णव अंश. मॅडम म्हणाल्या, चालेल.” मग जरा अभिमानाने, “दोनदा म्हणाल्या. दोनदा लिहिलंय.”

वही त्यांनी मालकांसमोर धरली. निळ्या शाईत, शाळकरी वळणाच्या अक्षरात तो शब्द होता, आणि त्याच्यापुढे पुन्हा तोच. त्याच्या वरच्या ओळीत बोल्टचं माप होतं, खालच्या ओळीत नळाचा व्यास. काकांनी तिचा शब्द मापांच्या रांगेत बसवला होता. तिने आयुष्यात लिहिलेल्या कुठल्याही उत्तराला इतक्या विश्वासाने कुणी जागा दिली नव्हती, आणि ते उत्तरच नव्हतं.

“बरं,” मालक म्हणाले. “तुम्ही विचारलंय म्हणजे झालं. उद्या काही झालं तर तुम्हालाच धरेन हं.”

“धरा की,” काका हसत म्हणाले. “कुठं पळून जातोय?”

मालकांनी पेनचं टोपण काढलं. तिच्या पिशवीत फोन थरथरायला लागला. साहेब असतील, किंवा बाबा. तिने तो तसाच थरथरू दिला. मालकांनी सहीची जागा शोधायला बोट फिरवलं. पान सरळ केलं. ते टेकवायला ओटा खरबरीत होता म्हणून त्यांनी फाईल हातावर घेतली. या सगळ्याला चार-पाच सेकंद लागले असतील. तेवढ्या वेळात तिने आणखी एकदा, शेवटचा, हिशेब केला. घट कमी धरली, पातळी चढवली, काटा उजवीकडून पाहिला. बिंदू रेषेवर येत नव्हता. यायचाच नव्हता.

“एक मिनिट, सर,” ती म्हणाली.

आवाज फार लहान आला. पलीकडच्या यंत्रांनी तो गिळला. पेन कागदाला टेकत होतं. तिने हात पुढे केला आणि सहीच्या जागेवर तळवा ठेवला. मालकांनी दचकून वर पाहिलं. काकांच्या चेहऱ्यावरचं हसू अजून गेलं नव्हतं, फक्त जागच्या जागी थांबलं होतं.

“काय झालं?” मालक म्हणाले. “काही राहिलंय का लिहायचं?”

“नाही. लिहायचं काही राहिलं नाही.” तिने काकांकडे पाहिलं आणि मग मालकांकडे, आणि या वेळी यंत्रांच्या वर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलली. “काकांनी मला बरोबर तेच विचारलं होतं, सर. आकड्यासकट. मी न ऐकता उत्तर दिलं, आणि ते चुकीचं होतं, हे मला अकरा दिवस माहीत आहे. ब्याण्णव अंशांना हा पंप टिकणार नाही. तुम्ही तो घेऊ नका.”